केसपेपरवर ‘पंक्चर’ लिहिलंय? घाबरण्याआधी अर्थ समजून घ्या

पंक्चर म्हटलं की गावात आधी गाडीचं टायर आठवतं. दवाखान्याच्या कागदावर मात्र हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. एक, टोकदार वस्तू घुसून झालेली जखम. दुसरी, तपासणी किंवा उपचारासाठी डॉक्टरांनी मुद्दाम घातलेली सुई. गावाकडे जखम अंगावर काढली जाते आणि सुईला मात्र नकार दिला जातो. दोन्हीत पेशंटचं नुकसान होतं.

पंक्चर वुंड : वरून बारीक, आत खोल

बाभळीचा काटा, गंजलेला खिळा, कापलेल्या तुरीचा खुंट पायात घुसला की जी जखम होते, ती पंक्चर वुंड. विळ्याने कापलं तर रक्त वाहतं आणि थोडी घाण धुऊन निघते. इथं रक्त कमी येतं, तोंड लगेच मिटतं, माती आतच राहते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. हवा न पोचणाऱ्या खोल जागी ते वाढतात. म्हणून जखम वरून भरली तरी धोका संपत नाही. साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आखडणं, मान ताठणं अशी लक्षणं दिसू शकतात.

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, तंबाखू, राख काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताची लस आता ‘टीडी’ नावाने मिळते. मळकी जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. मोठी वस्तू खोल रुतली असेल तर घरी उपसू नका, तशीच दवाखान्यात न्या. शुगरच्या पेशंटला पायाला लागलेलं कळतही नाही, त्यांनी रोज तळपाय बघावेत.

कुत्र्याचे दात रुतले तरी पंक्चरच. तिथं १५ मिनिटं साबणाने धुणं आणि रेबीजची लस, दोन्ही लागतं. सापाच्या बाबतीत दोन खुणा शोधत बसू नका. मण्यार चावल्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. कापणं, चोखणं, करकचून बांधणं टाळा आणि १०८ ला फोन करा.

लंबर पंक्चर : कमरेतून पाणी काढणं

तापात पेशंट बडबडतोय, झटके येताहेत, मान ताठ झाली आहे, अशा वेळी मेंदूज्वराची शंका येते. तेव्हा डॉक्टर कागदावर ‘एलपी’ लिहितात. ‘कमरेतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ या भीतीने नातेवाईक सही देत नाहीत आणि उपचाराचे मोलाचे तास जातात.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली घालतात. सिझरच्या वेळी भुलीची सुई देतात, ती याच भागात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिली पाणी असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली नवीन तयार करतं. तपासणीला त्यातलं थोडंच घेतात. नंतर काहींचं डोकं दुखतं, ते बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. मेंदूवर दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात.

‘सेंटेसिस’ आणि ‘टॅपिंग’

नावाच्या शेवटी ‘सेंटेसिस’ दिसलं तर सुईने टोचून पाणी काढणं असं समजा. फुप्फुसाभोवतीचं पाणी काढणं म्हणजे थोरॅकोसेंटेसिस, पोटातलं काढणं म्हणजे पॅरासेंटेसिस. बोलताना दोन्हीला ‘टॅपिंग’ म्हणतात. टीबीत फुप्फुसाभोवती, लिव्हरच्या आजारात पोटात पाणी साठतं. ते काढल्यावर दम कमी होतो आणि पाणी कशामुळे झालं तेही तपासता येतं. ‘व्हेनिपंक्चर’ म्हणजे शिरेतून रक्त घेणं, एवढंच.

सही करण्याआधी विचारा

सुई कशासाठी? कुठे घालणार? त्रास काय होऊ शकतो? नाही केलं तर काय होईल? हे विचारणं पेशंटचा हक्क आहे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगा. उत्तर मिळालं की मग ठरवा. पारावरच्या चर्चेवरून ठरवू नका.