खारघरचा उतार आणि सायकलचा पुढचा चिमटा

१९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने ठाणे खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई हे नवे नगर आखावयास घेतले, तेव्हा सेक्टर, चौक आणि स्थानके यांची नकाशावर नेटकी मांडणी झाली. परंतु त्या नकाशाच्या कडेला उभ्या असलेल्या पारसिकच्या डोंगराला आणि खारघरच्या टेकडीला कोणत्याही आखणीत बसविणे शक्य नव्हते, आणि त्या आखीव नगरात जन्मलेल्या पिढीतील काहींना आता याच ओबडधोबड शेजाऱ्यांची ओढ लागलेली आहे. चाफेवाडी-फणसवाडीच्या आदिवासी पाड्यांकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी फिरावयास येणाऱ्यांच्या वर्दळीत, गुडघ्यांना कवचे आणि हनुवटीपर्यंत तोंड झाकणारे शिरस्त्राण घातलेले सायकलस्वारही अधूनमधून दृष्टीस पडतात. चढण ते केवळ सोसतात; चित्त सारे उताराकडे लागलेले असते.

अशा स्वाराच्या मनात केव्हातरी सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे त्यांच्या बोलण्यातला फोर्क, बदलण्याचा विचार मूळ धरतो, आणि एखाद्या नव्या मोटारसायकलीच्या किमतीशी बरोबरी करणारा तो आकडा ऐकून घरातील वडीलधारी मंडळी अवाक् होतात. या खर्चाची मंजुरी देणाऱ्याला आणि मागणाऱ्यालाही, ही वस्तू नेमके काय करते आणि कोणत्या कसोट्यांवर ती निवडावी, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण चुकीचा चिमटा पैसा तर घालवतोच, प्रसंगी हाडही मोडतो.

डोंगर-उताराच्या शर्यतींचा इतिहास फार जुना नाही. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जड सायकलींवरून ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली, तेव्हा पुढच्या चाकाला कसलीही उशी नव्हती, आणि एका उतरणीतच मागच्या ब्रेकच्या हबमधील ग्रीस जळून जाई. १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्स या कंपनीचा आरएस-वन हा चिमटा बाजारात आला; त्याची हालचाल, म्हणजे दबण्याचे अंतर, अवघी ४८ मिलिमीटर होती. १९९० साली अमेरिकेतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड विजयी झाला, तो याच चिमट्याच्या साहाय्याने. आज रॉकशॉक्सचा बॉक्सर, फॉक्सचा फोर्टी, मार्झोकीचा बॉम्बर ५८, मॅनिटूचा डोराडो ही जी नावे स्वारांच्या जिभेवर असतात, त्या साऱ्यांची हालचाल २०० मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि त्यांचे दोन्ही पाय हेड ट्यूबच्या, म्हणजे सांगाड्याच्या पुढच्या आखूड नळीच्या, खाली व वर अशा दोन क्राउनांनी, म्हणजे आडव्या जोडपट्ट्यांनी, जखडलेले असतात.

या २०० च्या आकड्याचाच मोह सर्वप्रथम आवरावयास हवा. १०० किंवा १२० मिलिमीटरच्या चिमट्यासाठी घडविलेल्या साध्या सायकलीला दुहेरी क्राउनचा उंच चिमटा बसविला म्हणजे ती उताराची सायकल होत नाही. पुढची बाजू सुमारे २० मिलिमीटर उचलली गेली की हेड ट्यूबचा कोन जवळजवळ एका अंशाने मागे कलतो; ८० मिलिमीटर उचलली तर सायकलीचा सारा तोलच ढळतो, आणि लांब चिमट्याचा प्रत्येक आघात तरफेच्या न्यायाने हेड ट्यूब व खालची नळी यांच्या सांध्यावर येऊन पडतो. सांगाडा तुटतो तो बहुधा याच जागी. म्हणून निर्मात्याने आपल्या सांगाड्यास कमाल किती लांबीचा चिमटा चालेल आणि दुहेरी क्राउनला मुभा आहे की नाही, याचा जो तपशील दिलेला असतो तो आधी वाचावा. मुभा नसेल तर विषय तेथेच मिटला, आणि हमीचा दस्तऐवजही अशा फेरफारानंतर निरर्थक ठरू शकतो.

सांगाडा खरोखरच उताराचा असला, तरी मोजमापे जुळली पाहिजेत. हेड ट्यूबमधून वर जाणारी चिमट्याची स्टिअरर नळी सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, चाक २७.५ इंची की २९ इंची, एक्सल २० मिलिमीटरचा असला तरी हब जुन्या मापाचा की बूस्ट मापाचा, ब्रेकची चकती केवढी, या बाबी एकेक करून पडताळाव्यात. चाकाच्या मापात गफलत झाली आणि चिमटा पूर्ण दबला असता टायर खालच्या क्राउनला टेकला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाईल.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. चिमट्याच्या पोटात दोन निरनिराळी कामे चालतात. स्प्रिंग स्वाराचा भार तोलून धरते आणि दगडाचा आघात क्षणभर साठविते. परंतु साठविलेले ती परत करणारच, आणि ते परत करणे आवरले नाही तर हँडल हातातून उसळते. हे आवरण्याचे काम डँपरचे. त्यातील तेलाला बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या थरांतून वाट काढावी लागते, आणि चाकाची ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. परतीचा वेग फार मंद ठेवला तर एका दगडावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत चिमटा पुरता उलगडतच नाही, प्रत्येक आघाताला अधिकाधिक खाली बसतो आणि ऐन उतारात सायकलीचे नाक बुडते. फार जलद ठेवला तर टायर जमिनीला धरून राहत नाही. माझे स्पष्ट मत असे, की हालचालीचे मिलिमीटर वाढविण्यापेक्षा चांगल्या डँपरवर खर्च केलेला रुपया अधिक फळतो. खारघरसारख्या आखूड, काळ्या बेसाल्टच्या सुट्या दगडांनी भरलेल्या उतारावर तर हे विशेषच खरे आहे. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमचा जगप्रसिद्ध शर्यतमार्ग सुमारे ५५० मीटर खाली उतरतो. आपल्या टेकडीला तेवढी उंचीच नाही, परंतु येथील लहान दगडांचा लागोपाठचा मारा मनगटांना थकवितो, आणि त्यास उत्तर देतो तो डँपर.

स्प्रिंग हवेची घ्यावी की पोलादी, हा वाद जुनाच आहे. पोलादी स्प्रिंग वजनदार, परंतु तिची हालचाल मऊ आणि एकसारखी. मात्र स्वाराचे वजन बदलले की स्प्रिंगच बदलावी लागते, आणि योग्य वजनाची स्प्रिंग आपल्याकडे चटकन मिळेलच असे नाही. हवेच्या चिमट्यात छोट्या पंपाने दाब कमीअधिक करता येतो. घरातील दोघे एकच सायकल वापरत असतील तर ही सोय मोलाची. तथापि हवा तापमानाला बांधलेली असते: २० अंशांच्या गारव्यात भरलेला दाब ३५ अंशांच्या उन्हात सुमारे ५ टक्क्यांनी चढतो, सबब दाब घरी नव्हे, उताराच्या माथ्यावर तपासावा.

स्प्रिंग अंगाजोगी आहे की नाही, हे जाणण्याची रीत सोपी आहे. चिमट्याच्या आतल्या चकचकीत नळीवर एक रबरी कडे असते. मित्राने मागून सायकल सरळ धरावी. स्वाराने शिरस्त्राण, कवचे, पाण्याची पिशवी अशा पूर्ण सरंजामानिशी पेडलांवर उभे राहावे, कडे सीलपर्यंत, म्हणजे बाहेरच्या नळीच्या तोंडावरील रबरी झडपेपर्यंत, खाली सरकवून घ्यावे आणि झटका न देता अलगद उतरावे. उतरल्यावर कडे सीलपासून जितके वर गेले तितका चिमटा स्वाराच्या भाराने बसला होता. २०३ मिलिमीटरच्या चिमट्यात हे अंतर ३० ते ४० मिलिमीटर, म्हणजे १५ ते २० टक्के भरावे. ही मोजणी आपल्या जुन्या चिमट्यावर आधी करून पाहावी. पुष्कळांना असे आढळेल की दोष चिमट्याचा नव्हता, भलत्याच वजनाच्या स्प्रिंगचा किंवा वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलाचा होता, आणि नव्या खरेदीचा अर्ज तूर्त तहकूब ठेवता येईल.

न्हावाशेवा बंदर जवळ असले तरी परदेशी मालाचे सीमाशुल्क आणि कर चुकत नाहीत, त्यामुळे पुष्कळांचा कल वापरलेल्या चिमट्याकडे असतो. त्यात गैर काही नाही, परंतु तपासणी कसोशीने करावी. आतल्या नळ्यांवरून नख फिरवावे. नख अडकले तर त्या ओरखड्यातून तेल गळणार. पुढचा ब्रेक आवळून सायकल पुढेमागे हलवावी. आतले बुश झिजले असतील तर हाताला ठकठक जाणवते. आणि स्टिअरर नळी आधीच्या मालकाने कितीवर कापली आहे ते मोजावे, कारण कापलेली नळी वाढत नाही.

शेवटचा मुद्दा पावसाचा. चार महिने कोसळणाऱ्या या पावसात लाल चिखल सीलच्या ओठाशी साचतो आणि प्रत्येक दाबासरशी थोडाथोडा आत ओढला जातो. दमट, खारट हवा उरलेसुरले काम करते. रॉकशॉक्सची शिफारस अशी की खालच्या पायांची साफसफाई व तेलबदल ५० तासांच्या स्वारीनंतर आणि डँपरची दुरुस्ती २०० तासांनी करावी. आपल्या पावसाळ्यात ही मुदत आणखी अलीकडे ओढणे शहाणपणाचे. जोरदार फवाऱ्याने सील धुऊ नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत. आणि नवा चिमटा घ्यावयाचाच असेल तर तो ज्येष्ठात न घेता आश्विन उजाडल्यावर घ्यावा, म्हणजे कोरड्या वाटेवर, एका उतरणीला एकच फेरफार करीत, दाब आणि परतीचा वेग आपल्या अंगाला जुळवून घ्यावयास पुढचा पाऊस येईपर्यंत पुरेसा अवधी हाती राहतो.