मान टाकलेली पीस लिली आणि पाण्याचा तांब्या

पीस लिलीने मान टाकली की घरातलं कुणीतरी लगबगीने पाण्याचा तांब्या आणतं. कोमेजली म्हणजे तहानली, हे गणित इतकं सोपं वाटतं की कुंडीतल्या मातीला हात लावून पाहायचं कुणाच्या मनातच येत नाही. या झाडाबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

पीस लिलीला लाकडी खोड नसतं. पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर तिची पानं आणि देठ उभे राहतात. माती सुकली की हा दाब उतरतो आणि अख्खं झाड कुंडीच्या काठावर लोळण घेतं. दिसतं भयंकर, पण वेळेवर पाणी मिळालं तर बहुधा काही तासांतच ते पुन्हा उभं राहतं. घोळ असा की माती सतत चिंब असली तरी झाड हुबेहूब असंच पडतं. गच्च ओल्या मातीत हवेला जागा उरत नाही, प्राणवायूवाचून मुळांचं काम मंदावतं आणि पिथियमसारखे बुरशीसदृश सूक्ष्मजीव मुळं कुजवायला लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे पाण्यात उभं राहून झाड तहानेने कोमेजतं, आणि त्यावर आणखी एक तांब्या ओतला जातो! शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती कुंडीतही लागते. पावसाळ्यात माती वाळतच नाही, तेव्हा उन्हाळ्यातलं पाण्याचं वेळापत्रक पुढे चालू ठेवणं धोक्याचं.

निदान मात्र अगदी सोपं आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं आणि कुंडी उचलून पाहायची. माती कोरडी आणि कुंडी हलकी, तर झाड खरंच तहानलेलं आहे. अशा वेळी वरून पाणी ओतलं तरी काम होईलच असं नाही. फार सुकलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून थेट तबकडीत उतरतं आणि ‘भरपूर घातलं’ असं समाधान तेवढं मिळतं. त्यापेक्षा कुंडी अर्धा-पाऊण तास पाण्याच्या बादलीत ठेवावी, मग पूर्ण निथळू द्यावी.

माती ओली असूनही झाड पडलं असेल, तर ते कुंडीतून बाहेर काढण्यावाचून इलाज नाही. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, लिबलिबीत होतात. चिमटीत धरली की साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. ती स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत, पिवळी पानं काढावीत आणि झाड कोकोपीट व परलाइट घातलेल्या भुसभुशीत मिश्रणात लावावं. इथे मोठी कुंडी घेण्याचा मोह आवरायला हवा: उरलेल्या चार मुळांना जास्तीची माती म्हणजे पुन्हा जास्तीची ओल.

खत? आत्ता नको. दुखावलेल्या मुळांना त्यातले क्षार आणखी भाजतात. कडक ऊन हेही औषध नव्हे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही वनस्पती आहे; उन्हाने तिची पानं करपतात. पण सावली म्हणजे अंधारी खोलीही नाही. तिथे झाड तगतं, पण वाढ खुंटते आणि मातीही लवकर सुकत नाही.

हवा शुद्ध करणारं झाड ही पीस लिलीची ख्याती नासाच्या 1989च्या अहवालातून आली. ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाले होते. दार-खिडक्यांतून हवा खेळणाऱ्या घरात तोच परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019मध्ये दाखवलं. बसायचं कुठे, हा प्रश्न मग उरतोच.

मांजर पाळणाऱ्यांचा धसका दुसऱ्याच टोकाचा. खऱ्या लिलीने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, ते विष पीस लिलीत नाही. ती अळू-सुरणाच्या कुळातली. खाजऱ्या अळूत असतात तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तिच्यात असतात. चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते. कुंडी मांजराच्या आणि रांगत्या मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवावी हे बरं.

आणि नर्सरीतून आणलं तेव्हा फुललेलं झाड पुढच्या वर्षी फुललं नाही, तर ते आजारी आहे असंही नाही. व्यावसायिक उत्पादक अनेकदा जिबरेलिक आम्लाची फवारणी करून त्याला हुकमी बहर आणतात. घरी तो हुकूम चालत नाही. तिथे खिडकीजवळचा भरपूर पण थेट उन्हाचा नसलेला उजेड लागतो, आणि तोही काही महिने.