आधी पॅकेट बघ

माझ्या लॅपटॉपवर दिवसभर एक काळी खिडकी उघडी असते आणि तिच्यात पांढरी अक्षरं भराभर वर सरकत असतात. सुट्टीत घरी गेलो की आई मागून डोकावते. "अरे, बिघडलंय का रे हे?"

बिघडलेलं काही नसतं, टीसीपीडम्प चालू असतो. नेटवर्क कार्डापाशी बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची एक ओळ लिहितो: कुठून आलं, कुठे चाललं, किती बाइटचं, आणि कधी, तेही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. नेटवर्किंगच्या संशोधनात मला एकच हत्यार ठेवायला सांगितलं, तर मी हे ठेवीन.

या हत्यारानेच मला सुरुवातीला दोन दिवस रडवलं. दोन लिनक्स मशिन, मध्ये एक केबल, वेग मोजणाऱ्या आयपर्फने डेटा ढकलत होतो. इथरनेटवर एका पॅकेटला सहसा १५०० बाइटची मर्यादा. टीसीपीडम्पच्या ओळींत मात्र वीस हजार, चाळीस हजार, मधूनच चौसष्ट हजारांच्या आसपासचे आकडे! माझ्याच कोडमध्ये चूक असणार म्हणून कोड चाळत बसलो. शेवटी लॅबमधल्या एका सिनिअरने खुर्चीवरून न उठता विचारलं, "कार्डाला विचारलंस का?"

भानगड अशी की, प्रोसेसरचं ओझं कमी करायला लिनक्स डेटाचा मोठा गठ्ठा तसाच कार्डाकडे देतो आणि त्याचे तुकडे कार्ड पाडतं. टीसीपीडम्प कार्डाच्या अलीकडे उभा असतो, त्यामुळे त्याला गठ्ठेच दिसतात. तारेवर काय गेलं ते नाही. घेणाऱ्या बाजूला याच्या उलट, तुकडे जोडून वर पाठवले जातात. कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या ईथटूलने दोन्हीकडच्या या सोयी बंद केल्या आणि ओळीमागून ओळ १४४८, १४४८, १४४८. १५०० मधून आयपी हेडरचे २०, टीसीपी हेडरचे २० आणि टाइमस्टँपचे १२ बाइट वजा केले की उरतात तेवढे. इतका सुंदर आकडा मी तोवर पाहिला नव्हता.

पॅकेट दाखवणारा वायरशार्कही मला आवडतो, पण पॅकेट पकडायला नाही, निवांत वाचायला. १९९८ मध्ये तो आला तेव्हा त्याचं नाव इथीरिअल होतं. त्याचे निर्माते जेराल्ड कोम्ब्स यांनी नोकरी बदलली, जुनं नाव आधीच्या कंपनीकडे राहिलं, म्हणून २००६ मध्ये हे नवं नाव. मिनिनेटवर एका लॅपटॉपमध्ये अख्खं नेटवर्क उभं राहतं आणि त्यात खऱ्या लिनक्सचा कोड धावतो, हे झकासच. फक्त लॅपटॉप दमला की वेळेचे आकडे थापा मारू लागतात. एनएस-३ या सिम्युलेटरचं घड्याळ स्वतःचं असतं, यंत्र कितीही धापा टाकू दे. तिथे खोटं असतं ते नेटवर्क. एडिटर विम, पेपर लाटेकमध्ये. यावर वाद घालायला मला वेळ नाही.

वाचनात पहिला मान आरएफसींना, म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांना. पहिला आरएफसी एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर यांचा. टीसीपीचा ७९३ क्रमांकाचा दस्तऐवज १९८१ चा. २०२२ मध्ये त्याची जागा ९२९३ ने घेतली. यांची भाषा रुक्ष, पण कायद्यासारखी नेमकी. 'केलंच पाहिजे', 'करावं' आणि 'केलं तरी चालेल' यांतला फरक तिथे गांभीर्याने पाळतात. पेपर वाचायची रीत मी एस. केशव यांच्या छोट्या लेखातून उचलली: एकाच पेपरवरून तीनदा जायचं, पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटांतच. खरं सांगतो, बहुतेक पेपर माझ्याकडे तिथेच थांबतात.

एक पेपर मात्र दरवर्षी पुन्हा काढतो, व्हॅन जेकबसन यांचा नेटवर्कमधल्या गर्दीवरचा, १९८८ चा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामध्ये, जेमतेम ४०० यार्डांवर, सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर कोसळला. केबल शाबूत होती. पाठवणारेच गर्दी करत होते, आणि पोचलं नाही म्हणून तेच पुन्हा पाठवून गर्दी वाढवत होते. टीसीपीडम्पही त्याच लॅबमधला, जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्या पेपरातल्या काही आलेखांवर एकेक ठिपका म्हणजे एकेक पॅकेट आहे.

रडवणाऱ्या त्या दोन दिवसांपासून माझ्या प्रयोगवहीत प्रत्येक नोंदीची पहिली ओळ ठरलेली असते: गठ्ठ्याची सोय, दोन्ही मशिनवर, बंद.