पाखराच्या मागे न धावता फोटो

पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात हातभर लांब कॅमेरे घेऊन लोक येतात. तिथल्या जायकवाडी पक्षी अभयारण्यातल्या पाणपक्ष्यांचे फोटो आपण पाहतो. पण आपल्या अंगणातला शिंपी, चिरक, बुलबुल, शिंजीर? त्यांचे फोटो काढायला आपल्याइतकं जवळ कुणीच नाही, आणि ते साध्या मोबाइलवर निघतात.

अडचण एकच. शिंपी जेमतेम सात-आठ ग्रॅमचा जीव. आपण पुढे सरकलो की तो उडतो, आणि लांबून झूम केलं की फोटो फुटतो. म्हणून आपण पाखराकडे जायचं नाही. पाखरू स्वतःहून येईल अशी जागा करायची.

पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटं पाणी ठेवायचं आणि ते रोज बदलायचं. भांड्यापासून हातभर अंतरावर बोर, बाभूळ किंवा लिंबाची वाळलेली, वेडीवाकडी डहाळी उभी करायची. जुन्या डब्यात वाळू भरून तीत खोचली की हलत नाही. डहाळी बोटाएवढीच जाड हवी, म्हणजे इवल्या पायांची पकड नीट बसते. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही. आधी उंच बसून मांजर, कावळा कुठे आहे का ते बघतं. त्या बघण्याच्या क्षणाचाच फोटो आपल्याला हवा असतो. मांजर दबा धरेल असं झुडूप मात्र भांड्याला लागून नको.

डहाळी मांडून लगेच फोटोची घाई नको. पाखरांना सवय होऊ द्यावी. मग सकाळी, ऊन आपल्या पाठीशी असताना, मोबाइल दोन-तीन हातांवर विटांना टेकवून ठेवावा. तो डहाळीच्याच उंचीवर असावा, म्हणजे पाखराचा डोळा समोर येतो. पडद्यावर डहाळीवर बोट थोडा वेळ दाबून धरलं की बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस तिथेच टिकतो. मग व्हिडिओ चालू करून आपण घरात यायचं आणि भाकरी थापायला बसायचं. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत चांगलं चित्र निवडून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. डहाळीच्या मागे वाळत घातलेले कपडे किंवा पत्रे नकोत. लांबवरचं तुरीचं, कपाशीचं शेत मागे असलं की पाखरू उठून दिसतं.

आता न करण्याच्या गोष्टी. घरट्याचा फोटो काढायचा नाही. शिंपीण पानं शिवून घरटं करते. ते पान बाजूला केलं की पिल्लं उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. सतत माणूस आलं तर आई-बाप अंडी सोडूनही जातात. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलवायचंही नाही. आपल्या जागेत दुसरा नर घुसला असं समजून तो पिल्लांचा चारा सोडून भांडायला धावतो. पाखराला बांधून, पकडून काढलेला फोटो तर नकोच.

हा फोटो नुसता स्टेटसला ठेवण्यापुरता नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोकांना विचारून गावाची लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम आहे. कोणतं पाखरू कधी घरटं करतं, कोणत्या झाडावर बसतं, काय खातं, हे अंगण झाडणाऱ्या, शेतात निंदणाऱ्या बाईला ठाऊक असतं. पण ते लिहिलं जात नाही.

म्हणून गटाच्या बैठकीत एक वही ठेवूया. फोटोबरोबर तारीख, जागा, झाड आणि पाखरू काय करत होतं ते लिहूया. आपली आजी त्याला ज्या नावानं ओळखते, ते नावही लिहूया. पुस्तकातलं नाव नंतर शोधता येतं. आजीच्या तोंडचं नाव आत्ताच लिहून घ्यायला हवं. वही भरत आली की ती समितीपुढे ठेवूया.