विश्लेषण : संगणकावर चालणारा पेनड्राइव्ह डीजेच्या यंत्रावर का अडतो?

पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि आसपासच्या गावांत आगरी-कोळी लग्नाची हळद म्हणजे अख्ख्या आळीचा कार्यक्रम. मांडवात धवलारिणींचे धवले होतात आणि मग डीजेवर नाच सुरू होतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० वाजता उघड्यावरील ध्वनिवर्धक बंद करावे लागतात. त्यामुळे नाचायला जेमतेम दोन-तीन तास मिळतात. त्यातच यंत्राने पेनड्राइव्ह वाचला नाही, तर पाहुणे खोळंबतात, डीजेचे नाव खराब होते आणि बिदागीवरून वादही होतो. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह बिघडलेला नसतोच. मग घोळ कुठे असतो?

पेनड्राइव्ह ‘दिसत’ का नाही?

ड्राइव्हवर फायली कशा मांडायच्या, याच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस, ॲपलची एचएफएस प्लस आणि एपीएफएस, सगळीकडे चालणारी जुनी फॅट३२ आणि २००६ मध्ये आलेली एक्सफॅट या त्यातल्या मुख्य. संगणकाला यातल्या अनेक येतात. डीजे प्लेअरला मोजक्याच. पायोनियरचा २००९ मधील सीडीजे-२००० आणि २०१६ मधील सीडीजे-२००० नेक्सस २ भाड्याच्या संचांत आजही आढळतात. दोन्ही फॅट३२ आणि एचएफएस प्लस वाचतात. एनटीएफएस आणि एक्सफॅट नाही. ६४ जीबी किंवा त्याहून मोठे ड्राइव्ह मात्र अनेकदा कारखान्यातूनच एक्सफॅटमध्ये येतात. त्यामुळे नवाकोरा, महागडा ड्राइव्ह अडतो आणि जुना १६ जीबीचा बिनबोभाट चालतो.

फॅट३२ पुरेशी आहे का?

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. चित्रपटाला ही अडचण ठरते, गाण्याला नाही. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. म्हणजे सलग सहा तासांचे ध्वनिमुद्रणही या मर्यादेत बसते. खरी अडचण वेगळी आहे. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हसाठी फॅट३२ चा पर्याय वर्षानुवर्षे मिळत नसे. त्यासाठी वेगळे मोफत सॉफ्टवेअर वापरावे लागे किंवा सरळ ३२ जीबीचा ड्राइव्ह घ्यावा लागे. मॅकवर फॉरमॅट करताना विभागणीसाठी ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ निवडावे. ‘जीयूआयडी’ विभागणी अनेक जुन्या यंत्रांना कळत नाही. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरील सगळे पुसले जाते, म्हणून गाण्यांची प्रत आधी संगणकावर ठेवावी.

ड्राइव्ह दिसतो, पण गाणे वाजत नाही…

इथे प्रश्न फाइलच्या प्रकाराचा असतो. एमपी३, एएसी, डब्ल्यूएव्ही आणि एआयएफएफ हे चार प्रकार सीडीजे-२००० ला चालतात. फ्लॅक मात्र त्याला चालत नाही. नेक्सस २ ला चालते. घरी नव्या यंत्रावर वाजलेली फ्लॅक फाइल मांडवातल्या जुन्या यंत्रावर गप्प बसते ती यामुळे. काही २४ बिट डब्ल्यूएव्ही फायलींच्या शीर्षभागातील नोंद वेगळ्या धाटणीची असते. जुने सीडीजे अशी फाइल नाकारून पडद्यावर ‘ई-८३०५’ ही खूण दाखवतात. ती फाइल एआयएफएफमध्ये बदलून घेतली की काम होते.

गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये ‘डाऊनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद असतात. ती पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. तसेच कमी दर्जाची फाइल ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये बदलल्याने आकार वाढतो, आवाज सुधारत नाही. मोठ्या स्पीकरवर तो फरक लगेच ऐकू येतो.

आजीचा धवला मांडवात वाजवायचा असेल तर?

आजीने म्हटलेला धवला कुणीतरी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला असतो आणि घरच्यांना तो हळदीत ऐकवायचा असतो. हा व्हॉइस मेसेज ओपस प्रकारात साठवला जातो आणि वरील चार प्रकारांत ओपस नाही. फाइलच्या नावापुढे ‘एमपी३’ लिहून भागत नाही. नाव बदलते, आतली रचना तीच राहते. व्हीएलसी किंवा ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती फाइल एमपी३ किंवा डब्ल्यूएव्हीमध्ये बदलावी लागते. हे काम काही मिनिटांचे असते, पण ते घरी करायचे. ऐन मांडवात नाही.

आदल्या दिवशी काय तपासावे?

यंत्र भाड्याचे असेल तर त्याचे नेमके मॉडेल आधी विचारावे. यंत्राची खात्री नसेल तर फॅट३२ ड्राइव्ह आणि ३२० केबीपीएस एमपी३ ही सर्वांत सुरक्षित जोडी. जुन्या यंत्रांच्या पडद्यावर देवनागरी नावे नीट उमटतीलच असे नाही, म्हणून फायलींची नावे रोमन लिपीत द्यावीत. रेकॉर्डबॉक्समधून गाणी भरल्यावर ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावा. ओढून काढला तर गाण्यांची यादी खराब होऊ शकते. तशाच भरलेला दुसरा ड्राइव्ह खिशात ठेवावा आणि दोन्ही ड्राइव्ह, शक्य असल्यास त्याच यंत्रावर, पाहुणे येण्याआधी लावून बघावेत.