शरदांतील मिश्र भाजी आणि झांकणावरचें पाणी



आश्विन सरून कार्तिक लागला म्हणजे मंडईचें रूप पालटतें. पावसाळी पालेभाज्या मागें पडतात आणि जमिनीच्या पोटांत वाढलेलें अन्न वर येऊं लागतें. सुरणाचे गड्डे, मातीनें माखलेल्या अळकुड्या, गुलाबी सालीचीं रताळीं, ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणि त्यांच्या शेजारीं कापून ठेवलेला लाल भोपळा, असा थाट असतो. या सर्वांची एकाच भांड्यांत, मंद आंचेवर, झांकणावर पाणी ठेवून शिजविलेली भाजी आमच्या घरीं या दिवसांत होते. ही भाजी आणि ज्वारीची भाकरी, एवढ्यावर सहा माणसांचें रात्रीचें जेवण यथास्थित होतें. ही भाजी कशी करावी, आणि तशीच कां करावी, हें आज सांगावयाचें आहे.

शाळामास्तरानें स्वयंपाकाविषयीं बोलावें याचें कोणाला नवल वाटेल. म्हणून प्रथम माझी फजिती सांगतों. दोन वर्षांपूर्वीं ऐन कार्तिकांत आमच्या कुटुंबाच्या उजव्या हाताचें हाड मोडलें. सून नोकरी करणारी. ती दिवेलागणीला थकून येणार. मी सेवानिवृत्त, रिकामा. "आज भाजी मी करतों," असें मीं मोठ्या ऐटींत जाहीर केलें. सगळ्या फोडी एकदम पातेल्यांत लोटल्या, वर चिंचेचा कोळ ओतला, आंच मोठी केली आणि शिजलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घडोघडीं झांकण काढीत राहिलों. परिणाम असा झाला कीं, भोपळ्याचें पिठलें झालें, तळ करपला आणि सुरण मात्र कच्चा राहिला. सहा वर्षांच्या नातीनें पहिलाच घांस घेतला आणि गळा धरून ती रडूं लागली. त्या रात्रीचें जेवण तेथेंच संपलें. खाटेवरून कुटुंबानें एकच प्रश्न विचारला, "अहो, ताटांत पाणी ठेवलें होतें ना?"

ठेवलें नव्हतें. श्रोतेहो, त्या प्रश्नानें मी वरमलों. चौतीस वर्षें मुलांना पाऊस कसा पडतो हें शिकवितांना मी उकळत्या पाण्यावर थंड ताटली धरीत असें. ताटलीच्या खालच्या अंगाला थेंब जमत, टपटप गळत, आणि मुलें टाळ्या पिटीत. तोच प्रयोग माझ्या घरीं रोज चुलीवर चालला होता. मी तेथला भात-भाजी तेवढी जेवीत आलों होतों.

आतां त्या ताटाचें काम पाहूं. पातेल्यावर खोलगट ताट झांकून त्यांत गार पाणी ओतलें म्हणजे ताटाचा तळ थंड राहतो. भाजींतून उठलेली वाफ त्या तळाला लागतांच पुन्हा पाणी होऊन भाजींत पडते. बाहेर जाणारा ओलावा असा परत फिरतो, आणि फार थोड्या पाण्यांत सर्व कांहीं शिजतें. शिवाय पाण्याच्या वजनानें ताट कांठावर घट्ट बसतें. १ ग्रॅम वाफेचें पाणी होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता मोकळी होते. तेंच १ ग्रॅम पाणी ० अंशापासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. म्हणून ताटांतलें पाणी पाहतां पाहतां कढत होतें. तें कढत झालें म्हणजे आंत वाफ भरली असें समजावें. झांकण काढून पाहण्याची गरज नाहीं. भाजींत पाणी घालण्याची वेळ आली तर हेंच गरम पाणी घालावें व ताटांत पुन्हा गार पाणी ओतावें.

दुसरा प्रश्न सुरणाचा. सुरणांत व अळकुडींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तेच घशाला टोंचतात. म्हणून चिरतांना हाताला तेल लावावें, सुरणाच्या फोडी चिंचेच्या पातळ पाण्यांत १५ मिनिटें ठेवाव्या, नंतर स्वच्छ पाण्यानें धुवाव्या, आणि बोटानें दाबली असतां फोड मोडेल इतक्या त्या शिजूं द्याव्या. धुण्याचें कारण असें कीं, भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारें पेक्टिन नांवाचें द्रव्य आंबटांत लवकर सुटत नाहीं. मीं आरंभींच कोळ ओतला आणि सुरण शिजण्याची वाट माझ्याच हातानें अडविली. आंबट नेहमीं शेवटीं.

तिसरा प्रश्न आंचेचा. रताळ्यांतील पिठाची साखर करणारें एक पाचक द्रव्य रताळ्यांतच असतें. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान तें जोमानें काम करतें आणि फार तापलें कीं निकामी होतें. रताळें हळूहळू तापलें तर त्याला वेळ मिळतो आणि गोडी वाढते. भडक आंचेवर ती संधि निघून जाते. घाई केल्यानें चव कां बिघडते, त्याचें हें एक कारण आहे.

जातां जातां एक गंमत सांगतों. कार्तिकी एकादशीला आपण श्रद्धेनें खातों तें रताळें, त्याचप्रमाणें लाल भोपळा, भुईमूग व मिरची, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं. १४९२ नंतर समुद्रमार्गें तीं इकडे आलीं. सुरण व अळू आपल्या आशियांतले. दोन खंडांचें गोत एका पातेल्यांत गुण्यागोविंदानें नांदतें!

आतां कृति. सहा माणसांसाठीं सुरण २०० ग्रॅम, अळकुड्या २०० ग्रॅम, रताळीं २५० ग्रॅम, लाल भोपळा २५० ग्रॅम व ओले शेंगदाणे १ वाटी घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यांत चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळद व दोन हिरव्या मिरच्या यांची फोडणी करावी. पितळेचें पातेलें असल्यास कल्हई शाबूत आहे ना, हें आधीं पाहावें. कारण पुढें आंबट पडणार आहे. सुरण व सोललेल्या अळकुड्या प्रथम तेलावर चार-पांच मिनिटें परताव्या, म्हणजे अळकुडीचा बुळबुळीतपणा कमी होतो. मग शेंगदाणे, मीठ व अर्धी वाटी गरम पाणी घालून ताट झांकावें व त्यांत पाणी ओतावें. मंद आंचेवर २० मिनिटें जाऊं द्यावीं. नंतर रताळ्याच्या जाड फोडी घालाव्या. १० मिनिटांनीं भोपळ्याच्या. आणखी १० मिनिटांनीं सुरणाची फोड दाबून पाहावी. ती मऊ झाली असेल तरच चिंचेचा कोळ, लिंबाएवढा गूळ, दोन चमचे गोडा मसाला, दोन चमचे तिळाचें कूट व मूठभर ओलें खोबरें घालून पांच मिनिटें शिजूं द्यावें. मध्यें डावानें ढवळूं नये. दोन्ही कान फडक्यानें धरून पातेलें हलवावें. भोपळ्याच्या एक-दोन फोडी विरघळतात. त्यांनींच रस दाट होतो. वेगळें पीठ लावावें लागत नाहीं.

फजितीनंतर आठ दिवसांनीं मीं ही भाजी पुन्हा केली. खाटेवरून सूचना येत होत्या आणि मी विद्यार्थ्याप्रमाणें त्या पाळीत होतों. पानें मांडलीं. नातीनें सुरणाची फोड प्रथम बोटानें दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलें आणि तोंडांत घातली. आम्ही सारे हात थांबवून बसलों होतों. तिनें दुसरी फोड उचलली तेव्हां सर्वांचीं जेवणें सुरू झालीं. कुटुंबानें डाव्या हातानें चमचा धरून चव घेतली आणि म्हटलें, "मीठ किंचित् कमी आहे." याहून मोठें प्रशस्तिपत्र मला नोकरींत मिळालें नाहीं.

कुटुंबाचा हात आतां बरा आहे. तरी कार्तिकांतली ही भाजी माझ्याकडेच राहिली आहे. माझ्या वयाच्या गृहस्थांना एवढेंच सुचवितों कीं, घरांत जें रोज शिजतें तें कसें शिजतें, हें विचारण्यासाठीं कोणाचा हात मोडण्याची वाट पाहूं नये.