आकाशयुद्धाचा खेळ आणि न्यूटनचे नियम

चित्रपटांतील आकाशयानें विमानांसारखीं गिरक्या घेत वळलीं कीं आमच्या घरांतील मुलें टाळ्या पिटतात. आम्हांस मात्र हंसूं येतें. जेथें हवाच नाहीं तेथें पंखांनीं वळावयाचें कशाच्या आधारानें? एकदां आलेला वेग उलट जोर लावल्यावांचून मोडत नाहीं, हें १९६२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. मधील कांहीं तरुणांनीं खेळांतूनच दाखविलें. ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळकथांचे हे वेडे वाचक. स्टीव्ह रसेल यांनीं पीडीपी-१ या गणकयंत्रावर दोन यानांची झुंज रचली. तिचें नांव 'स्पेसवॉर'. पीटर सॅम्सन यांनीं तिच्यामागें खऱ्या नक्षत्रांचा नकाशा मांडला. पण डॅन एडवर्ड्स यांनीं पडद्याच्या मध्यभागीं ओढ लावणारा तारा बसविला, आणि खेळाचा रंगच पालटला. आतां नुसता नेम धरून भागेना. ताऱ्याकडे पडतां पडतां त्याच ओढीच्या बळावर वळसा घेणारा शत्रूच्या पाठीमागें निघे. चुकला तो ताऱ्यांत भस्म होई. यंत्राची शक्ति अपुरी, म्हणून क्षेपणास्त्रांस मात्र ही ओढ लागत नसे. तेवढा अपराध आम्ही पोटांत घालतों.

परवां पुतण्यानें हा खेळ आम्हांस खेळावयास लावला. पहिल्याच डावांत आम्ही ताऱ्यांत पडलों. तो म्हणाला, "काका, वेग आधीं मोडायला हवा होता!"